आधी दोष सांगणारे कॅप्टनकाका

कॅप्टन आनंदराव भोईटे ह्यांची माझी पहिली भेट आमच्या शहराच्या लष्कर भागातल्या एका मॅरिज गार्डनमध्ये झाली. ते तिथे वरपक्षाचे पाहुणे होते आणि मी ड्रोनने लग्नाचं शूटिंग करणारा. वरात फाटकातून आत येत असताना वाऱ्याचा झोत आला आणि माझा ड्रोन तिरका होत जाऊन चाटवाल्याच्या कनातीवर पडला. मी धावत पोचेपर्यंत एका उंच, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी तो उचलून हातात धरला होता.

"हवा कुठून येतेय, पाहिलं होतंस?" त्यांनी विचारलं.

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी म्हटलं, अंकल, आपल्याला ह्यातलं काय माहीत?

"फारसं नाही," ते म्हणाले. "मी जरा मोठं चालवत असे."

मग त्यांनी ड्रोन उलटासुलटा करून पाहिला आणि त्याचे दोष मला सांगितले. एका पात्याला खाच पडलीय, एक स्क्रू ढिला आहे, पाय वाकलाय, आणि चालवणारा गरम डोक्याचा आहे. एवढं सांगून ड्रोन माझ्या हातात दिला आणि ते जेवायला गेले. हे नेमके कोण, ते मला नंतर बँडवाल्याने सांगितलं.

आपल्या मंडळाने काकांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं तेव्हा लेख मागितले गेले ते मोठमोठ्या लोकांकडून, आणि ते बरोबरच आहे. मी कॉलेज अर्धवट सोडलेला मुलगा. पण गेली तीन वर्षं काकांच्या शेतावर रोजचा असणारा मीच आहे, म्हणून मलाही लिहायला सांगण्यात आलं. गौरवाच्या लेखात गुण सांगायचे असतात हे मला ठाऊक आहे. मात्र काकांची स्वतःची पद्धत वेगळी आहे. कुठलीही वस्तू, जमीन किंवा माणूस दुसऱ्याच्या हाती देताना ते आधी त्यातले दोष सांगतात. मीही तसंच करतो.

कॅप्टनकाका कोणाचं कौतुक करत नाहीत. मी तीन वर्षांत त्यांच्या तोंडून "शाबास" ऐकलेलं नाही. फार तर "हूं" म्हणतात. समारंभाला ते यजमानांच्याही आधी पोचतात आणि मग यजमानांना खुर्च्या मांडायला लावतात. त्यांच्या हातचा चहा पिण्यासारखा नसतो. ट्रॅक्टरवर त्यांच्या शेजारी बसू नये, कारण वळताना ते पंख असल्यासारखं वळतात. आणि एकदा नाही म्हणाले की मग त्यांची मनधरणी करण्यात वेळ घालवू नये. कुसुमकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ह्यात आणखी भर घालतील, पण त्यांनी मला सांगितलं की माझा हिस्सा मी तोंडानेच सांगीन, छापायची गरज नाही.

आता त्यांच्या आयुष्याविषयी. भोईटे घराणं दक्षिणेतून, म्हणजे मराठी मुलखातून, इकडे उत्तरेत आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेलं. काकाही तरुण वयात फौजेत अधिकारी झाले. एका लढाईत त्यांनी भाग घेतला. ते त्याविषयी बोलत नाहीत आणि मीही फार विचारलं नाही. ठरावीक मुदत संपल्यावर फौज सोडली तेव्हा घरच्यांना वाटलं की आता बँकेत नाही तर कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतील. काकांनी विमान शिकायला सुरुवात केली. वडिलांनी विचारलं की जमिनीवर काय कमी पडलं? ह्यावर काकांनी काय उत्तर दिलं ते त्यांना स्वतःलाही आठवत नाही, पण वडील सहा महिने बोलले नाहीत हे आठवतं.

त्यांनी चालवलं ते प्रवासी विमान नव्हतं. एक माणूस बसेल एवढं छोटं फवारणीचं विमान असे, पोटात औषधाची टाकी. कापसावर, उसावर पिकाच्या शेंड्यापासून थोड्याच उंचीवरून जायचं, शेताच्या टोकाला झाडं आली की नाक वर करायचं, वळायचं आणि पुन्हा खाली यायचं. शेताच्या दोन्ही बाजूंना माणसं झेंड्या घेऊन उभी असत, त्यांच्या रेषेत उडायचं. हे काम करणाऱ्यांचा खरा वैरी म्हणजे विजेची तार. वरून ती दिसत नाही. म्हणून काका आदल्या संध्याकाळी प्रत्येक शेत पायी फिरून येत. सगळं शेत, चारी बाजूंनी. बाकीचे वैमानिक गेस्ट हाउसात पत्ते खेळत आणि हे चिखलातून फिरत, म्हणून त्यांना "पटवारी", म्हणजे तलाठी, म्हणत. एका गावी पोचायला अंधार झाला, शेत फिरता आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उडायला नकार दिला. वरिष्ठ रागावले, गावकरी विमान बघायला जमलेले, सरपंचाने तर हार आणून ठेवला होता. काका हार न घालून घेता शेत फिरायला गेले. पलीकडच्या कडेला कोणी तरी मोटरीसाठी नवीन तार ओढली होती. दुपारी उडाले.

पुढे ते काम बंद पडलं. तेव्हा काकांनी भितरवारच्या रस्त्याला जमीन घेतली. घेतली म्हणजे फसले असं कुसुमकाकू म्हणतात. पाणी खारट, माती अशी की कोरडी असताना कुदळ उसळते आणि ओली असताना चप्पल सोडत नाही. विकणाऱ्याने सोनं पिकेल म्हणून सांगितलं होतं. पहिल्या वर्षी सोयाबीन सडलं, दुसऱ्या वर्षी गहू पिवळा पडला. तिसऱ्या वर्षी काकांनी वरून उडताना जी शेतं पाहिली होती त्यांचा विचार केला, पाणी कुठे साचतं आणि कुठून निघतं ते पाहिलं, चर काढले, बांध बदलले, शेणखत घातलं आणि सरसों, म्हणजे मोहरी, पेरली. ती आली. आजही कोणी जमीन बघायला आलं की ते आधी त्याला खालचा पाणथळ तुकडाच दाखवतात. आलेला माणूस गोंधळतो. एकदा एका शेतकरी मेळाव्यात त्यांना यशस्वी शेतीवर बोलायला बोलावलं होतं. ते पूर्ण वेळ आपल्या चुकांवर बोलले आणि आयोजकांनी पुढच्या वर्षी बोलावलं नाही. पण त्या दिवशीचे काही शेतकरी अजून शेतावर येतात.

लग्नातल्या त्या प्रसंगानंतर काही आठवड्यांनी मी पत्ता काढून तिथे गेलो. माझं कॉलेज तेव्हा सुटलं होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला विभागप्रमुखांशी भांडलो आणि परत गेलो नाही. माझ्या मनात होतं की फवारणीचा मोठा ड्रोन चालवायचा परवाना काढावा, लग्नं पुरे झाली. काकांनी ऐकून घेतलं आणि मला शेत पायी फिरायला लावलं. रोज. परवान्याचं प्रशिक्षण मी दुसरीकडे घेतलं, पण उडवायला शिकलो ते इथे. जुन्या साडीची पट्टी बांबूला बांधून वारा बघायचा. फुलावर आलेल्या सरसोंवर दिवसा औषध मारायचं नाही, कारण मुरैनाकडचे लोक मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात; माश्या पेटीत परतल्या की मग. पेटीवाल्याला आधी सांगायचं. आणि शेजारच्याला सांगायचं की आज काय फवारणार आहोत, वारा बदलला तर काय करणार आहोत. मी म्हणायचो, काका, इतकं कोण करतं? ते म्हणायचे, "तू करतोस."

आता जे लिहितो ते मृणालला विचारून लिहितो आहे.

मृणाल मुळे माधवगंजला राहते. आम्ही एका वर्गात होतो. ती पुढे शिकली, मी नाही. तिचे वडील बँकेतून निवृत्त झालेले. घराणं मूळचं पुजाऱ्यांचं, आता सगळे नोकरदार, आणि त्यांच्या घरात पदवी नसलेला माणूस नाही. माझं घर बिर्लानगरला, आजोबा मिलमध्ये होते. मृणालसाठी स्थळं येऊ लागली तेव्हा माझी झोप उडाली. एक मुलगा पुण्याचा होता, त्याचे लोक बघायला येऊन गेले. मी ठरवलं की कोर्टात जाऊन लग्न करायचं. मृणाल म्हणाली होती की शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे, पण आधी बाबांशी बोल. मला शेवटचा उपायच पहिला वाटत होता.

मी काकांना बांधावर गाठलं आणि साक्षीदार म्हणून येता का विचारलं. ते पाण्याची बारी बदलत होते. हातातलं फावडं खाली न ठेवता म्हणाले, "येईन. तिच्या वडिलांना विचारून आलास का?"

ते नाहीच म्हणतील, मी सांगितलं.

"म्हणजे विचारलं नाहीस."

त्यांच्या घरी मी कोणत्या तोंडाने जाऊ, मी म्हटलं. काका म्हणाले की तोंड हेच, दुसरं कुठून आणशील, आणि रविवारी मी तुझ्याबरोबर येतो. माझ्या वडिलांनाही त्यांनी फोन केला. वडिलांना ताप होता, त्यांनी काकांनाच घरचं मोठं माणूस म्हणून जायला सांगितलं.

रविवारी काका इस्त्रीचा कोट घालून आले. वेळेच्या पाऊण तास आधी. मुळेकाका बनियनवर होते, त्यांची धांदल उडाली. मग पोहे आले, दक्षिणेत कोणाचं गाव कुठलं ते निघालं, आणि मग काका म्हणाले की आम्ही आपल्या मृणालला ह्याच्यासाठी मागणी घालायला आलोय. मुळेकाकांना अंदाज असावा. ते माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, "मुलगा कसा आहे, आपण सांगा. आपण ह्याला ओळखता."

"आधी दोष सांगतो," काका म्हणाले.

मला वाटलं की ते थट्टा करतात. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी सांगितलं की हा तापट आहे. कॉलेज सोडलं ते फक्त भांडणावरून, बुद्धी कमी म्हणून नव्हे, त्यामुळे ते जास्त वाईट. वडिलांना उलट बोलतो. फवारणीचं काम हंगामी आहे, पावसाळ्यात हाती काही नसतं. माझ्या शेजाऱ्याच्या भाच्याची कॉलर ह्याने धरली होती. कारण बरोबर होतं, कॉलर धरणं चूक होतं. आणि आपल्याला न विचारता ह्याला कोर्टात जायचं होतं, मी म्हटलं म्हणून इथे आलाय.

मुळेकाकांनी चमचा बशीत ठेवला. "आपण शिफारस करायला आलात की तक्रार?"

तेव्हा काकांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. फौजेत असताना त्यांच्या तुकडीला दुसऱ्या तुकडीकडून एक ट्रक मिळाला. देणाऱ्याने म्हटलं, सब ठीक है. त्याला ब्रेकचं माहीत होतं, पण सांगितलं तर आपलाच कमीपणा दिसेल म्हणून तो बोलला नाही. घाटात उतरताना ट्रक सुटला. ड्रायव्हर होता बलबीर नावाचा, मी आता आहे त्या वयाचा. त्याने ट्रक दरीकडे जाऊ न देता डोंगरावर घातला. मागचे सगळे वाचले. बलबीर वाचला नाही. "त्याला माहीत असतं तर तो पहिल्या गिअरमध्ये उतरला असता," काका म्हणाले. "ब्रेक खराब असलेली गाडीसुद्धा उतरते. माहीत असायला हवं एवढंच."

आतून मिक्सरचा आवाज येत होता, तो थांबला.

मग मुळेकाकांनी विचारलं, "आपली मुलगी असती तर ह्याला दिली असती?"

"माझी मुलगी असती तर मी आधी तिला विचारलं असतं. आपण विचारलंत का?"

मुळेकाकांनी विचारलं नव्हतं. त्यांनी मृणालला हाक मारली. ती दारामागेच होती, सगळं ऐकलेलं होतं. वडिलांनी तोंड उघडायच्या आधीच ती काकांना म्हणाली, "काका, आपलं एक राहिलं. हा माफी मागत नाही. चूक कळली की गुपचूप येऊन कामाला लागतो, पण तोंडाने काही म्हणत नाही. मला सगळं माहीत आहे, बाबा. तरी मला हाच चालतो."

मुळेकाका म्हणाले, कळवतो.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी काकांवर चिडलो. माधवगंजच्या भर चौकात. आपण माझी वाट लावली, मी म्हटलं, एक तरी गुण सांगायचा होता. ते म्हणाले की गुण दिसतात, ते सांगायला माणूस नेत नाहीत. मी त्यांना ऑटोत बसवलं आणि पुढचे काही दिवस शेताकडे फिरकलो नाही. फोनही उचलला नाही. मुळ्यांकडून काही कळत नव्हतं. पुण्याचे लोक पुन्हा येणार असं मृणालच्या मैत्रिणीकडून कळलं. मी घरात भिंतीकडे तोंड करून पडून होतो.

मग कुसुमकाकूंचा फोन आला, माझ्या आईच्या फोनवर. "सरसोंवर माहू पडलाय," त्या आईला म्हणाल्या. म्हणजे मावा, तो किडा पिकाचा रस शोषतो. "दुसरा ड्रोनवाला बोलवा म्हटलं तर हे ऐकत नाहीत. पाठीवर पंप घेऊन निघालेत ह्या वयात. तुमच्या चिरंजीवांना फुरसत असेल तर सांगा."

मी मोटरसायकल काढली. ऊन उतरायला आलं होतं. शेतावर पोचलो तर विहिरीजवळच्या खाटेवर मुळेकाका बसलेले, हातात काकांच्या हातचा चहा. ते चौकशी करायला म्हणून आले होते, न कळवता. मागाहून कुसुमकाकूंनी सांगितलं की त्यांनी काकांना विचारलं होतं, दुसरा माणूस का बोलावत नाही? काका म्हणाले, हे शेत त्याने फवारायचं आहे, तो येईल, तोवर मी कडेकडेचं करून घेतो. आणि आला नाही तर? तर मी त्याला ओळखण्यात चुकलो, तसं आपल्याला सांगीन.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त सरसोंच्या पिवळ्या कडेला काका दिसत होते. पंपाचे पट्टे खांद्यात रुतलेले, एका हाताने दांडा मारत, पाय ओढत चाललेले. मी मुळेकाकांना नमस्कारसुद्धा केला नाही. सरळ बांधावरून गेलो आणि त्यांच्या पाठीवरचा पंप उतरवला. त्यांनी उतरवू दिला. दोघंही काही बोललो नाही. मग मी शेत फिरलो, पेटीवाल्याला सांगून आलो, माश्या परतेपर्यंत थांबलो, टाकी भरली आणि ड्रोन वर घेतला. सगळं शेत होईपर्यंत मी मागे पाहिलं नाही.

परत आलो तेव्हा मुळेकाका उभे होते. "एक शब्द बोलला नाहीस," ते म्हणाले.

मी ड्रोनची टाकी धुवायला घेतली.

"मृणालने सांगितलं तसाच आहेस," ते म्हणाले. "जे जे सांगितलं ते ते सगळं खरं निघालं. माझ्याकडे आतापर्यंत आलेल्या मुलांचे फक्त गुण आले. कोणाचं काय खरं निघेल, मला कसं कळणार?" मग ते काकांकडे वळले. "कॅप्टनसाहेब, माझी हरकत नाही. ह्याने फक्त परीक्षा देऊन टाकावी. पदवीसाठी नव्हे. भांडून सोडलेलं काम पुरं करता येतं की नाही ते मला बघायचंय."

काका म्हणाले, "हूं."

परीक्षेचा अर्ज मी भरला आहे. त्यासाठी विभागप्रमुखांच्या समोर जावं लागलं. काका बाहेर गेटवर थांबले होते, आत आले नाहीत. साखरपुडा झाला; लग्न परीक्षेनंतर. बलबीरच्या घरच्यांना काका अजून भेटायला जातात हे मला साखरपुड्याच्या दिवशी कळलं, कारण त्याचा भाऊ पंजाबातून आला होता आणि काकांशेजारी पंगतीला बसला होता. ह्या ग्रंथात त्यांच्या फौजेवर, उड्डाणावर, शेतीवर जाणकार लिहितील. मी एवढंच लिहू शकतो की त्यांनी माझ्याबद्दल काहीही न लपवता मला एका घराच्या हाती सोपवलं, आणि त्यामुळे आता त्या घरात मला काहीच लपवावं लागत नाही. ह्याची किंमत मला पूर्वी कळली नसती.

पंचाहत्तरीच्या माणसाला लोक विश्रांती घ्या म्हणतात. मी म्हणणार नाही, कारण ऐकणार नाहीत. काकांनी पाठीवर पंप मात्र पुन्हा घेऊ नये. ते काम आता आमचं. बाकी गुडघे साथ देवोत, डोळे असेच दूरचं पाहोत, कुसुमकाकूंचं बोलणं त्यांना नीट ऐकू येत राहो. त्यांनी रोज सकाळी बांधावर यावं, माझी चूक काढावी, मी चिडावं, आणि संध्याकाळपर्यंत ती चूक दुरुस्त झालेली असावी. असं पुष्कळ वर्षं चालावं. मृणाल म्हणते की आपल्या मुलांनाही त्यांच्याच हाताखाली द्यायचं आहे, तेव्हा काकांनी घाई करू नये.